लेकीला एकटीला राणीच्या बागेत नेताना

प्रश्न असा आला आहे: "आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा तीन वर्षांचा. तो झाल्यापासून तिच्या वाट्याला आम्ही फारसे आलोच नाही. येत्या शनिवारी मी एकटा तिला घेऊन मुंबईला जाणार आहे. सकाळी राणीची बाग, मग तिथलंच म्युझियम, मग नेहरू तारांगण, संध्याकाळी गेटवे आणि जमलं तर मरीन ड्राइव्ह. बायको सोबत नसताना तिला दिवसभर सांभाळायची ही माझी पहिलीच वेळ. जमेल ना? काय काळजी घ्यावी?"

जमेल. फक्त त्या यादीतली राणीची बाग ठेवा आणि बाकीचं खोडून टाका. म्युझियमचं पुढे बघू.

मी लालबाग-परळच्या पट्ट्यात प्राथमिक शाळेत 28 वर्षं शिकवलं. दुसरीचा वर्ग बहुतेक वेळा माझ्याकडे, आणि दुसरीची सहल म्हणजे राणीची बाग हे ठरलेलं. स्वतःच्या दोन मुलांना, मग भाच्यांना आणि आता नातवाला नेलं ते वेगळंच. त्यामुळे या बागेबद्दल मी थोडं अधिकाराने बोलते, राग मानू नका.

तुमच्या बेतात पाच ठिकाणं आहेत. पाच ठिकाणं म्हणजे दिवसभर "चल चल, उशीर होतोय" हे एकच वाक्य. ते तर ती घरी रोज ऐकते: बस येईल, चल, बाळ उठेल, हळू बोल, मला वेळ नाही, नंतर. शनिवारी तिला घाई नसलेले बाबा मिळाले पाहिजेत. त्यासाठी कमी बघा, थांबा जास्त.

हे मला एका पोराने शिकवलं. एका वर्षी 42 मुलं, आम्ही दोन बाई आणि एक मावशी. जोड्या लावलेल्या, पुढच्याच्या शर्टाचं टोक धरून रांग चाललेली. पाणघोड्यापाशी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं, पाण्यात काहीच दिसेना म्हणून पुढे नेलं. हत्तीपाशी मोजणी केली तर 41. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या बाईंच्या ताब्यात वर्ग दिला आणि आल्या वाटेने पळत सुटले. पोरगं पाणघोड्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभं होतं, ओठ हलत होते. मी दंडाला धरलं तर वर न बघताच म्हणाला, "बाई, थांबा ना, तो अजून वर आला नाही. दोनशे सत्तर झालेत."

खरं सांगते, हात उगारला होता मी. तेवढ्यात हिरव्या पाण्यावर आधी दोन नाकपुड्या आल्या, फुस्स करून पाणी उडालं, मग डोळे, आणि मग ते इवलेसे कान, जे त्याने पंख्यासारखे गरगर फिरवून झटकले. पोरगं ओरडलं, "दोनशे शहाण्णव!" पाणघोडा पाच मिनिटांपर्यंत श्वास रोखून पाण्याखाली राहू शकतो, आणि तो पोहत नाही, तळावर पाय टेकत चालतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगत होते. बघितलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी वर्गात 'आमची सहल' लिहायला दिलं. 41 वह्यांत "आम्ही वाघ पाहिला. आम्ही हत्ती पाहिला. आम्ही माकड पाहिले. खूप मजा आली." एका वहीत पानभर पाणघोडा.

42 मुलांना घेऊन तसं थांबता येत नाही. तुमच्याबरोबर एकच आहे. ही चैन आहे, ती वापरा.

आता व्यवहाराचं.

शनिवार निवडलात ते बरं केलंत. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि बागेत अख्खी मुंबई लोटते. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. म्हणून तुमचा बेत पुढे ढकलला गेला तर ही गोष्ट लक्षात असू द्या. नाताळची सुट्टी आणि 1 जानेवारी मात्र गर्दीमुळे विसरा.

बाग सकाळी साडेनऊला उघडते. तुम्ही त्याआधी दारात असायला हवं. डोंबिवलीतूनच सुटणारी धीमी लोकल पकडा. सव्वा तास जाईल, पण बसायला मिळेल, आणि लेकीला खिडकी. खाडी लागली की तिला खेकडे-बगळे शोधायला लावा, मोबाइल काढून देऊ नका. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना लोकलचं अर्धं तिकीट लागतं, ते काढा. तिच्या हातात द्या, स्वतःचं तिकीट स्वतः सांभाळायला मुलांना फार आवडतं. भायखळ्याला पूर्वेला उतरा. उतरल्यावर धावत सुटू नका, स्टेशनकडे एकदा वळून बघा. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हापासूनच्या वाटेवरचं हे ठिकाण. काही वर्षांपूर्वी इमारत जुन्या रूपात नीट करून घेतली, 2022 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तिथून डॉ. आंबेडकर रस्त्याने बाग चालत दहा-बारा मिनिटांवर. मुलीच्या पायांनी पंधरा.

तिकीट तिला काढू द्या. मोठ्यांचं 50 रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांचं 25 असा दर बरीच वर्षं आहे. बदलला असेल तर तिथल्या फलकावर दिसेल. आई-बाबा आणि दोन मुलं अशा चौघांना मिळून 100 रुपये असाही एक दर असतो, तो ऐकून "मग आपण आईला आणि बाळाला का नाही आणलं?" असा प्रश्न हमखास येईल. त्याचं खरं उत्तर द्या: "आज मला फक्त तुझ्याबरोबर यायचं होतं." शंभराची नोट तिच्या हातात, किती परत मिळणार ते तिने आधी सांगायचं. दुसरीचं गणित आहे, येतं.

आत शिरल्यावर सगळे पेंग्विनकडे पळतात, तुम्हीही पळा. हा एक अपवाद. नंतर तिथे रांग लागते आणि "पुढे चला, पुढे चला" सुरू होतं, मग धड काही दिसत नाही. साडेनऊच्या पहिल्या घोळक्यात काचेला नाक लावून उभं राहता येतं. मुलांना पेंग्विन म्हटलं की बर्फ हवा असतो. "बर्फ कुठंय?" हे मी किती वेळा ऐकलं असेल! हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे. तिथला किनारा रखरखीत, पण त्याला लागून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यात यांचे मासे. म्हणून यांना गारवा लागतो, बर्फ लागत नाही. 2016 च्या जुलैत सोलहून आठ पेंग्विन आणले, 2017 च्या मार्चपासून ते लोकांना बघायला मिळाले. तेव्हा किती वाद झाले ते तुम्हाला आठवत असेल. माझंही मत तेव्हा "काय गरज होती" असंच होतं. पण पाण्याखाली गोळीसारखा सुटणारा पेंग्विन बघून मुलांचे चेहरे कसे होतात ते बघितलं आणि मी गप्प बसले.

एक खेळ सांगते. हम्बोल्टच्या छातीवर काळा पट्टा असतो, आणि पोटावर काळे ठिपके. प्रत्येकाचे ठिपके वेगळे. लेकीला सांगा, एकच निवड आणि बाहेर पडेपर्यंत त्याच्यावरच नजर ठेव. तो कुठे जातो, कुणाला चोच मारतो, कुणामागे फिरतो. माझ्या नातवाने निवडलेला पेंग्विन पंधरा मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा होता. नातू म्हणाला, "त्याला बाईंनी शिक्षा केलीय." काचेवर टकटक करू देऊ नका, आणि शेजारचा कुणी करत असेल तर त्याला तुम्हीच सांगा. लेक बघत असते.

पेंग्विन झाल्यावर मात्र नकाशा खिशात घाला. पुढे कुठे जायचं ते ती ठरवेल. वाघ आधी बघायचा की हत्ती, हे तिला विचारा, आणि ती म्हणाली "मला हा कावळा बघायचाय", तर कावळा बघा. 50 रुपये देऊन कावळा बघायचा का, असं मनात येईल, माझ्या येतं. पण डोंबिवलीच्या कावळ्याकडे तिला कधी दहा मिनिटं बघू दिलं होतं आपण? वाघ सकाळी फिरताना दिसण्याची शक्यता जास्त, दुपारी तो सावलीत पडून असतो, एवढं तिला सांगून ठेवा. मग निवड तिची. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीदार दालनात आपण आत चालत जातो, पक्षी डोक्यावरून उडतात. तिथे बाकडं किंवा कोपरा सापडला तर बसाच. उभ्याने चालणाऱ्याला जेवढं दिसतं त्याच्या दुप्पट बसलेल्याला दिसतं.

आणि झाडं. राणीची बाग ही मुळात वनस्पती उद्यान आहे. 1862 मध्ये उघडली तेव्हा ती व्हिक्टोरिया गार्डन्स होती, आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक प्राणी बघून परततात, आणि ज्यांच्या सावलीतून गेले ती दीडशे वर्षांची झाडं बघतच नाहीत. कैलासपती शोधा. त्याची फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात. पडलेलं फूल उचलून आत बघा: मधे छोटी पिंड आणि वर फणा. फळं तोफगोळ्यांसारखी, खोडालाच लटकलेली. एकही फूल तोडायचं नाही, खाली पडलेलं हवं तेवढं घ्यायचं, हा आमच्या सहलीचा नियम होता. गोरखचिंचही दाखवा, तिच्या खोडाला तिला मिठी मारायला सांगा आणि उरलेल्या भागाला किती मुलं लागतील ते विचारा.

म्युझियमचं म्हणाल तर भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेला लागूनच आहे, इमारत 1872 पासूनची. मधे दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं, तेव्हा चालू आहे का ते आधी बघून घ्या. लेक ताजीतवानी असेल तर अर्धा तास, दमली असेल तर अजिबात नाही. पण बाहेरचा दगडी हत्ती मात्र चुकवू नका. मुंबईतल्या मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट माझ्याकडे नाही. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगिजांनी त्याला बघून बेटाचंच नाव एलिफंटा ठेवलं. 1864 मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. मग ते तुकडे या बागेत आणून टाकले, आणि 1914 मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. लेकीला जोड शोधायला लावा. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याला प्लास्टर घातलं होतं का?" तिच्या भावाचा हात त्याच आठवड्यात मोडला होता. काळा घोडाही याच आवारात आहे. म्हणजे एडवर्ड राजाला पाठीवर घेतलेला मूळचा घोडा, ज्याच्यावरून फोर्टातल्या चौकाला नाव पडलं. 1965 मध्ये तो तिथून हलवला. चौकात आता आहे तो नवा, बिनस्वाराचा.

तुम्ही विचारायला लाजलात, पण मला माहीत आहे की खरी धास्ती स्वच्छतागृहाची आहे. बाप एकटा आणि मुलगी सात वर्षांची. पुरुषांच्या बाजूला नेऊ नका, ती आता मोठी आहे. बायकांच्या दाराशी साफसफाईच्या मावशी असतात किंवा एखादी आई मुलांना घेऊन आलेली असते. सरळ सांगा, "ताई, ही आत जातेय, जरा बघाल का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. तुम्ही दारासमोर उभे राहा, तिला आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, आणि मोबाइल खिशात. कपडे तिचे तिला सहज काढता-घालता येतील असे असू द्यात. त्या दिवशी तो गाठींचा, पट्ट्यांचा जंपसूट नको. हे आईला आदल्या रात्री विचारून ठेवा. आणि "लागली की सांग" यावर विसंबू नका, पाणघोड्यापाशी उभं राहिलेलं मूल सांगत नसतं. दर दीड तासाने तुम्हीच न्या.

हरवण्याचं. सकाळी घरातून निघताना तिचा एक उभा फोटो काढा, कपडे-चपला दिसतील असा. हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, तुमचा नंबर बॉलपेनने लिहा. आत शिरताना बागेच्या दाराजवळचा घड्याळाचा मनोरा दाखवून ठेवा, पण "हरवलीस तर तिथे जा" असं सांगू नका. मूल शोधत फिरलं की आणखी हरवतं. "मी दिसलो नाही तर आहेस तिथेच थांब, मी येतो" एवढंच. आणि फारच वेळ गेला तर कुणाला सांगायचं? गणवेशातल्या सुरक्षारक्षकाला, नाहीतर लहान मुलं बरोबर असलेल्या बाईला. हे लोकलमध्येच दोनदा तिच्याकडून वदवून घ्या, भीती न घालता, पाढे म्हणतो तसं.

खाण्याबद्दल थोडक्यात: पोहे घरून खाऊन निघा, पाणी स्टीलच्या बाटलीतून न्या, वेफर्सची पाकिटं घेऊच नका, कारण गेटवर बॅग बघतात. साडेबारा-एकला बाहेर पडून नीट बसून जेवा. भायखळ्यात इराण्याकडे बन मस्का मिळेल, चहात बुडवून खायची परवानगी त्या दिवसापुरती द्या. बाहेर फुगे, साबणाचे बुडबुडे, प्लास्टिकचे प्राणी विकणारे असतात आणि तिथे निम्म्या सहली रडण्यात संपतात. त्यावर माझा उपाय आहे: सकाळीच तिला 100 रुपये वेगळे द्या. तुझे आहेत, पाहिजे ते घे, संपले की संपले. पैसे स्वतःचे झाले की मुलं कमालीची चिकट होतात. माझ्या भाचीने अख्खा दिवस फिरून 80 रुपये परत आणले होते आणि ते कुणालाच दिले नाहीत.

एक प्रश्न ती विचारेल याची तयारी ठेवा: "बाबा, त्यांना का कोंडलंय?" जुने गजांचे पिंजरे जाऊन आता काचा आणि मोकळ्या जागा आल्या आहेत, तरी प्रश्न राहतोच. "ते इथे मजेत आहेत" असं ठोकून देऊ नका. मलाही त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. तिला विचारा, तुला कसं वाटतं? आणि ऐका. माझ्या वर्गात एकाने सांगितलं होतं, "रात्री दार उघडं ठेवायचं, ज्याला जायचं तो जाईल." त्यावर पुढचा अर्धा तास आम्ही कोण जाईल आणि कोण राहील यावर भांडलो होतो.

फोटो दोनच काढा. एक आत शिरताना, एक निघताना. मधे तुमचा हात तिच्या हातात हवा.

धाकट्याचं राहिलं. त्याला झोपवून गुपचूप निघू नका. उठल्यावर ताई आणि बाबा दोघंही गायब, हे तीन वर्षांच्या पोराला फार लागतं, आणि त्याचा राग संध्याकाळी ताईवरच निघतो. जागा असताना सांगून, रडला तर रडू देऊन निघा. शुक्रवारी रात्री कालनिर्णयवर दोन तारखांना गोल करा, एक ताईचा, एक त्याचा. त्याचा दिवस राणीच्या बागेत घालवायची गरज नाही. त्याच्या वयाला कोपऱ्यावरची बाग आणि तासभर तुम्ही एकटे, पुष्कळ झालं. येताना लेकीला त्याच्यासाठी काहीतरी उचलायला सांगा, तिथे पडलेली पर्जन्यवृक्षाची एखादी काळी शेंग चालते, खुळखुळते. पण भेट ताईने द्यायची. तुम्ही मधे बोलायचं नाही.

परतीची गाडी साडेतीनच्या आत पकडा, त्यानंतर गर्दी वाढते आणि दमलेलं मूल उभ्याने आणणं म्हणजे हाल. गाडीत बसल्याबसल्या "मजा आली का?" विचारू नका, "हो" म्हणून मोकळी होईल. काहीच विचारू नका. कुर्ला जाईपर्यंत ती आपणहून बोलायला लागेल, आणि घाटकोपरला तुमच्या दंडावर झोपेल. हात अवघडेल, हलवू नका. मुंब्र्याचा डोंगर दिसला की हलकेच उठवा, चपला पायात आहेत का बघा, आणि ती शेंग सीटवर राहिली नाही ना तेही.